चढाईपटूचे गुण छापता, चढायाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी आटोपून कापसाचा पहिला वेचा घरात आला की विदर्भातल्या गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. तेव्हापासून महाशिवरात्रीपर्यंत आपल्या जिल्हा पानावर रोज एखाद्या तरी स्पर्धेचा निकाल असतो. बातमीची शेवटची ओळ बहुधा ठरलेली: अमुक याला उत्कृष्ट चढाईपटू म्हणून गौरवण्यात आले, त्याने अंतिम सामन्यात १३ गुण मिळवले. हे कात्रण पुढे फार दूर जाते. पोरगा ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून जिल्हा निवड चाचणीला नेतो, पुढे प्रो कबड्डीच्या संघांच्या चाचणीलाही नेतो. निवड करणाऱ्यांपैकीही अनेक जण तोच आकडा धरून नाव लिहितात. आमचे म्हणणे या आकड्याबद्दल आहे. त्या १३ गुणांमागे चढाया किती, पकडी किती आणि समोर गडी किती उभे होते, हे कळल्याशिवाय तो आकडा खेळाडूची पारख करायला निरुपयोगी आहे. त्याच्या भरवशावर चुकीचा मुलगा वर जातो आणि ज्याला जायला हवे होते तो वावरात परततो.

समजा, एकाच सामन्यातले दोन चढाईपटू आहेत. पहिल्याने २२ चढाया केल्या. सात चढायांत बोनस, पाच चढायांत मिळून स्पर्शाचे ६ गुण, चार रिकाम्या (ना गुण, ना पकड) आणि सहा वेळा पकड. एकूण १३ गुण. दुसऱ्याने १६ चढाया केल्या. सात चढायांत स्पर्शाचे ८ गुण, एक बोनस, सहा रिकाम्या, दोनदा पकड. एकूण ९. बातमी पहिल्याची येणार, बक्षीसही त्यालाच मिळणार. आता पहिल्याच्या सहा पकडींपैकी दोन समोर तीनच गडी असताना झाल्या असतील, तर त्या सुपर टॅकल ठरतात आणि प्रत्येकीचे दोन गुण समोरच्या संघाला जातात. म्हणजे याने १३ मिळवले आणि ८ घालवले, शिल्लक ५. दुसऱ्याने ९ मिळवले, २ घालवले, शिल्लक ७. शिवाय बोनसच्या गुणावर आपला बाद गडी आत येत नाही, स्पर्शाच्या गुणावर येतो. पहिल्याने १३ गुणांत सहा गडी आत आणले, दुसऱ्याने ९ गुणांत आठ. आणि पहिला सहा वेळा बाद होऊन बाकावर बसला. दर वेळी सरासरी अडीच मिनिटे धरली तरी ४० मिनिटांच्या सामन्यात १५ मिनिटे संघ त्याच्याविना खेळला. दुसऱ्याच्या रिकाम्या चढाया जास्त दिसतात हे खरे. पण समोर साती गडी उभे असताना आणि आपण आघाडीवर असताना हात झाकून परत येणे हे चढाईपटूचे कामच आहे.

बोनसबद्दल थोडे जास्त लिहावे लागेल, कारण गावपातळीवर सर्वाधिक फसगत तिथेच होते. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा, म्हणजे चढाईत एकदा तरी ओलांडावी लागणारी रेषा, ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा त्याच्या एक मीटर पुढे असते. समोर सहा किंवा सात गडी असले तरच बोनस मिळतो. एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत, असे असावे लागते. जाणता कोपरारक्षक, म्हणजे बचावाच्या टोकाला उभा राहणारा गडी, सामन्याच्या पहिल्या पाच-सात मिनिटांत मुद्दाम बोनस जाऊ देतो. पोराला सवय लागली, तोच पाय त्याच जागी तिसऱ्यांदा पडला, की घोटा हातात. त्यामुळे नुसत्या बोनसवर चाललेला चढाईपटू समोर पाच गडी उरले की अडखळतो, कारण आता बोनस बंद असतो आणि स्पर्शाशिवाय गुण नाही. बोनस वाईट असे आम्ही म्हणत नाही. २०१६ ची विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार अनुप कुमार हा बोनस आणि पायाच्या स्पर्शाचा मोठा कसबी. पण सामन्याला गती केव्हा द्यायची आणि केव्हा रोखायची हे त्याला कळत होते, म्हणून त्याच्या बोनसला किंमत होती. आपल्याकडच्या मुलाचे गुण मोजताना बोनस वेगळा आणि स्पर्श वेगळा लिहावा, एवढेच.

पारख खरी होते ती तिसऱ्या चढाईत. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ही डू ऑर डाय: गुण आणा, नाही तर बाद व्हा. बचाव करणाऱ्या सातही जणांना ठाऊक असते की हा आता आत येणारच, मागे फिरायची सोय त्याला नाही. कोपरे मागे सरकतात, कव्हर म्हणजे कोपऱ्यांच्या आतल्या बाजूचे गडी आत येतात, हातात हात धरलेली साखळी घट्ट होते. एरवी घाबरवून, हूल देऊन गुण काढणारा पोरगा इथे उघडा पडतो. म्हणून कोणत्याही चढाईपटूबद्दल आमचा पहिला प्रश्न हा असतो की तिसऱ्या चढाया किती केल्या आणि त्यातल्या किती यशस्वी झाल्या. अनेक संघांत एक 'नामवंत' असतो जो पहिली आणि दुसरी चढाई रिकामी करून सुखरूप येतो आणि तिसरीला दुसऱ्या कुणाला तरी पुढे ढकलतो. गुणपत्रकावर त्याच्या पकडी कमी दिसतात, ढकललेल्या पोराच्या जास्त. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या मुलाच्या १६ पैकी सहा तिसऱ्या चढाया असतील, त्यातल्या चार यशस्वी आणि दोनदा पकड, तर तो मुलगा जिल्हा संघात असलाच पाहिजे. त्याच्या दोन्ही पकडी तिथेच झाल्या, यात त्याचा दोष शोधू नये.

हा घोळ जगभर होतो आणि जिथे कोट्यवधी रुपये पणाला लागतात तिथेही होतो. अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक घ्या. अंगावर धावून येणारे गडी पोचण्याआधी, साधारण तीन सेकंदांत, चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा तो खेळाडू. तिथल्या एनएफएल लीगचे ३२ संघ दर एप्रिलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंमधून सात फेऱ्यांत आपापली निवड करतात. त्याआधी इंडियानापोलिस शहरात मोठी चाचणी होते: उंची, वजन, ४० यार्डांची म्हणजे सुमारे ३६.६ मीटरची धाव, अगदी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजाचे मापही घेतात. एवढे मोजूनही २००० साली टॉम ब्रेडी १९९व्या क्रमांकावर निवडला गेला. ४० यार्डांना त्याला ५.२८ सेकंद लागले होते, त्या जागेसाठीही ते मंदच. पुढे तो सात सुपर बोल, म्हणजे त्या लीगचे अंतिम सामने, जिंकला. २००७ मध्ये अफाट फेकीचा जामार्कस रसेल पहिल्या क्रमांकावर गेला आणि तीन हंगामांत संघाबाहेर झाला. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी सर्वांत शेवटचा, २६२वा. दोन वर्षांच्या आत तो आपल्या संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला होता.

तिथल्या चुकांची कारणे वाचली की आपल्याच मैदानाची आठवण येते. महाविद्यालयीन सामन्यात जवळच्या गड्याकडे सोपा चेंडू टाकायचा, त्याने पुढे तीस यार्ड धावायचे आणि ते सगळे अंतर क्वार्टरबॅकच्या नावावर चढायचे. त्याला राखणारी पुढची फळी दणकट असेल तर त्याला फेकायला निवांत वेळ मिळतो; कमजोर संघातल्या तितक्याच चांगल्या मुलाला मिळत नाही. निवडीआधी महाविद्यालयाच्या मैदानावर जे प्रदर्शन होते, त्यात अंगावर येणारा कोणी नसतो आणि कोणती फेक करायची ते आधीच ठरलेले असते. म्हणून जाणकार मंडळी हंगामातली एकेक फेक चित्रफितीवर पाहतात: दबाव होता का, चेंडू नेमका कुठे पडला आणि तिसऱ्या प्रयत्नाला काय झाले. त्या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न असतात. बराच पल्ला बाकी असताना तिसरा प्रयत्न आला की आता चेंडू फेकला जाणार हे बचाव फळी ओळखून असते. आपल्या तिसऱ्या चढाईचीच गत.

आपल्याकडे दणकट फळीचे काम आपलेच पकडपटू करतात. ज्या मंडळाचे कोपरे आणि कव्हर तगडे, त्यांच्या चढाईपटूला समोर तीन-चारच गडी सापडतात, लोणाच्या, म्हणजे अख्खा संघ बाद होण्याच्या, तोंडाशी आलेले, विस्कळीत. तिथे गुण स्वस्त असतात. पकडी न जमणाऱ्या संघातला पोरगा प्रत्येक वेळी सात जणांच्या तोंडी जातो. त्याचे सात जणांसमोरचे ५ गुण आम्हाला तगड्या मंडळाच्या चढाईपटूच्या तीन जणांसमोरच्या १० गुणांहून जास्त वाटतात.

आता निवड चाचण्यांबद्दल. एका दिवसात साठ-सत्तर मुले, प्रत्येकाला दोन किंवा तीन चढाया आणि संध्याकाळी यादी. तीन चढायांत काहीही होऊ शकते. त्याहून मोठी खोट अशी की समोर उभे असलेले सात जण स्वतःही निवडीसाठी आलेले, एकमेकांना न ओळखणारे असतात. प्रत्येक जण आपण दिसावे म्हणून एकटाच झेप घेतो, साखळी कुणी करत नाही. एकट्या झेपेला चुकवणारा चपळ मुलगा इथे राजा दिसतो. पुढे राज्य स्पर्धेत पक्क्या साखळीसमोर गेला की पहिल्या दहा मिनिटांत त्याचा खेळ संपतो. उपाय खर्चिक नाही. एखाद्या मंडळाचा जमलेला बचाव, निदान दोन कोपरे आणि दोन कव्हर एकत्र खेळणारे, चाचणीसाठी बोलवावा. प्रत्येक चढाईपटूला बारा चढाया द्याव्यात: साती गड्यांसमोर चार, पाच गड्यांसमोर चार आणि तीन गड्यांसमोर चार. त्यातल्या किमान तीन आधी जाहीर करून डू ऑर डाय असाव्यात. चढाईला तीस सेकंद आणि मधली उभारणी धरून एका मुलाला बारा मिनिटे लागतात. वीस चढाईपटू असतील तर २४० मिनिटे. दोन मैदाने आणि प्रत्येक मैदानावर दोन बचाव फळ्या असल्या तर दोन तासांत काम होते. त्याच बचाव फळीला सलग दोन तास ताजे ठेवता येत नाही, म्हणून दर चार चढाईपटूंनंतर फळी बदलावी. नाही तर शेवटी आलेल्या मुलांना दमलेले पकडपटू मिळतात आणि पुन्हा अन्याय होतो.

बारा चढाया पाहताना गुणांपेक्षा पकड का झाली हे लिहावे. घोटापकड वारंवार होत असेल तर मुलगा एकच पाय पुढे ठेवून रेंगाळतो आहे. पाय बदलायचा सराव केला की आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. स्पर्श करून परतताना मागून कंबर धरली जात असेल तर त्याने पाठ फिरवली, हेही सुधारते. परतीच्या वाटेवर कव्हर आडवा येऊन अडवत असेल तर पोरगा सरळ रेषेत मागे येतो आहे, त्याला तिरके यायला शिकवावे लागेल. पण डॅश म्हणजे धडक बसून मैदानाबाहेर फेकला जात असेल, आणि ते पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्याला कडेचे भान नाही आणि मागून कोण येतो ते दिसत नाही. ही उणीव भरायला हंगाम जातो. सारख्याच चार पकडी झालेल्या दोन मुलांपैकी कोणाला घ्यायचे, हे यावरून ठरावे. उंची आणि हाताची लांबी मोजायला हरकत नाही, पण त्यावर चाळण लावू नये.

दम आणि वेळ हे दोन्ही तपासायला साधने लागत नाहीत. गावच्या सामन्यात तीस सेकंद पंचाच्या घड्याळात असतात, मुलाला ती दिसत नाहीत. त्याला सांगावे की घड्याळाशिवाय चढाई कर आणि २८व्या सेकंदाला मध्यरेषेवर ये. असे पाच वेळा करून घ्यावे. जो दर वेळी २६ ते २९ मध्ये येतो त्याच्या डोक्यात घड्याळ आहे. जो अठराव्या सेकंदालाच परततो तो बचावाला चूक करायला वेळच देत नाही. निम्म्या पकडपटूंची घाई शेवटच्या दहा सेकंदांत होते. दमासाठी वीस सेकंद पायांची हालचाल करवून मग दोघांनी निदान रेषेवर कंबर धरावी आणि त्याने मध्यरेषेकडे ओढत जावे. 'कबड्डी' शब्द स्पष्ट ऐकू येतो का, ते कान देऊन ऐकावे. गावाकडे पंच कानाडोळा करतात, म्हणून पोराला वाटते आपला दम पक्का आहे.

माती आणि मॅट हा फरक निवड करणाऱ्यांनी डोक्यात ठेवलाच पाहिजे. आपल्या भागातला मुलगा अनवाणी, काळी माती आणि चाळलेला मुरूम दाबून केलेल्या मैदानावर वाढतो. मातीत पाय सरकतो. तो सरकणार हे धरूनच तो वळतो. त्याचा पायाचा स्पर्श जमिनीलगत घसरत जातो. मॅटवर बूट रुततो, पंजा जागीच राहतो आणि गुडघा फिरतो. गुडघ्याच्या अनेक दुखापती पहिल्या काही दिवसांत याच कारणाने होतात. चाचणीच्या दिवशीच नवे बूट घालणाऱ्याचे तळवे सोलतात, तो दुसऱ्या सत्रात पाय टेकवत नाही. चाचणीआधी मॅटवर चार-पाच सराव आणि वापरलेले, सपाट रबरी तळाचे बूट, एवढे तरी मुलाला मिळावे. आणि मातीवरच्या मुलाला मॅटवरच्या पहिल्या पाच चढायांवरून नापास करू नये. दहाव्या चढाईपर्यंत त्याने पाय उचलून वळायला सुरुवात केली का, ते पाहावे. इतक्या लवकर शिकणारा मुलगा हातचा सोडू नये.

प्रो कबड्डीतला चढाईपटू प्रदीप नरवाल याची डुबकी, म्हणजे साखळीच्या हातांखालून वाकून निसटणे, पाहून आपल्याकडे प्रत्येक दुसरा पोरगा डुबकी मारतो. साखळीतले हात उंच असतील, गडी उभे असतील आणि मध्यरेषा एका झेपेच्या टप्प्यात असेल, तरच ती निघते. बसक्या साखळीखाली डुबकी म्हणजे सात जणांचे वजन पाठीवर. चाचणीत डुबकी मारली म्हणून टाळ्या वाजवण्यापेक्षा, ती कोणत्या साखळीखाली मारली हे लिहा.

वजनगटांच्या स्पर्धांनी आणखी एक रोग लावला आहे. ५५ किलोत बसायला मुले आदल्या दिवशी पाणीही घेत नाहीत, उन्हात स्वेटर घालून पळतात. वजन उतरते, पण दुसऱ्या सत्रात पोटऱ्यांना गोळे येतात. चढाईपटूच्या पहिल्या आणि दुसऱ्या सत्रातल्या चढाया वेगळ्या लिहिल्या की हे लगेच दिसते: पहिल्या वीस मिनिटांत आठ गुण, पुढच्या वीसमध्ये एक. अशा मुलाला दमात कच्चा म्हणून काढून टाकण्याआधी तो काल जेवला होता का, हे विचारावे. खुल्या गटात पुरुषांची मर्यादा ८५ किलो आहे. तिथे खेळवून पाहिले की त्याचा खरा खेळ कळतो. वयाचे म्हणाल तर किशोर गटात वीस वर्षांचा मुलगा घुसवला की तो सगळ्यांना ओढून नेतो आणि खऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव यादीतून जाते. यावर आणखी काय लिहावे!

हे सगळे टिपायला दोनशे पानी वही आणि दोन माणसे पुरतात. एकाने बोलायचे, एकाने लिहायचे. एकट्याने पाहून लिहिणे जमत नाही, मान खाली घातली की पकड हुकते. प्रत्येक चढाईला एक ओळ: चढाईपटूचा क्रमांक, सत्र, समोर गडी किती, तिसरी आहे का, किती सेकंद, निकाल, पकड असेल तर कोणत्या जागेवरून आणि कशी. स्पर्शाला स्प, बोनसला बो, रिकाम्याला रि, पकडीला प. मोबाइलने चित्रण करायचे तर मैदानाच्या कोपऱ्यातून तिरके, दहा फूट उंचीवरून करावे. बाजूने केले तर निदान रेषा दिसते पण कोपऱ्याचे हात दिसत नाहीत, समोरून केले तर उलटे होते. असे पाच सामने झाले की एका चढाईपटूच्या ऐंशी-नव्वद चढाया हाती येतात. तेवढ्यावर आम्ही मत द्यायला धजतो, त्याआधी नाही.

पैसा आता खेळात आला आहे. २०२३ च्या प्रो कबड्डी लिलावात चढाईपटू पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मिळाले; २०२४ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत ९ लाख होती. यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ९ लाखांनी काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते; इतका जुना हा खेळ इथे रुजला आहे. तरीही आपल्या मुलांकडे दाखवायला पदक आणि कात्रण यांखेरीज काही नाही, कारण त्यांच्या चढाया कुणी लिहून ठेवल्याच नाहीत.

म्हणून आपल्याला विनंती. स्पर्धांचे आयोजक बातमी पाठवतात तेव्हा त्यांच्याकडून उत्कृष्ट चढाईपटूचे पूर्ण आकडे मागावेत आणि ते आल्याशिवाय नुसते गुण छापू नयेत. महिनाभर असे केले तर मंडळे आपोआप वही ठेवू लागतील, कारण बातमी सर्वांनाच हवी असते. जागेची अडचण येणार नाही, सगळे एका ओळीत मावते: चढाया १६, गुण ९ (बोनस १), पकड २, तिसऱ्या चढाया ६ पैकी ४ यशस्वी.

आपले,
ग्रामीण भागातील काही कबड्डी मार्गदर्शक व गुणलेखक,
दारव्हा-दिग्रस परिसर, जि. यवतमाळ